ज्ञानाचे ज्ञान

बंगळुरूमधील एचएसआर लेआउट ह्या वसाहतीस होसूर व सर्जापूर ह्या दोन रस्त्यांवरून नाव पडले. तिच्या कडेस आगरा तलाव आहे. त्याच्या काठी एक विद्यार्थिनी बगळा पाहत उभी आहे, अशी कल्पना करू. तिला बगळा दिसतो. शिवाय आपण बगळा पाहत आहोत, हेही तिला ठाऊक असते. हे दुसरे ज्ञान कोठून येते?

भारतीय दार्शनिकांनी ह्या प्रश्नाचा शतकानुशतके खल केला आहे. सुमारे इ. स. 500 च्या सुमारास होऊन गेलेल्या बौद्ध आचार्य दिङ्नागांच्या मते ज्ञान हे विषयाबरोबर स्वतःलाही प्रकाशित करते. ह्यास ‘स्वसंवेदन’ म्हणतात. दिवा पाहण्यासाठी दुसरा दिवा लावावा लागत नाही, तसेच हे होय. त्यांनी स्मृतीचाही आधार घेतला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीस केवळ बगळा आठवत नाही, तर ‘मी तो पाहिला’ हेही आठवते. जे अनुभवलेच नाही, ते आठवेल कसे?

नैयायिकांस हे मान्य नाही. बोटाचे टोक स्वतःस स्पर्श करू शकत नाही. पहिले ज्ञान बगळ्याचे. त्या ज्ञानाचे ज्ञान मनास मागाहून होते. त्यास ते ‘अनुव्यवसाय’ म्हणतात. मग त्या दुसऱ्या ज्ञानासाठी तिसरे, तिसऱ्यासाठी चौथे लागेल, असा आक्षेप येतो. त्यावर त्यांचे उत्तर असे की, प्रत्येक ज्ञान जाणले गेलेच पाहिजे, असा नियम नाही. कुमारिल भट्टांचे अनुयायी याहून पुढे गेले. वस्तू ज्ञात झाली, एवढेच आपणांस कळते. त्यावरून ज्ञान झाले असले पाहिजे, हे तर्काने ठरवावे लागते.

आता तलावाकाठी दुसरा कोणी येऊन उभा राहिला, तर त्याच्या मनातील ज्ञान हिला कसे कळावे? धर्मकीर्तींनी ‘सन्तानान्तरसिद्धि’ ह्या ग्रंथात याचे उत्तर दिले. आपल्या बोलण्या-वागण्यामागे आपला हेतू असतो. तशीच कृती आपल्या हेतूवाचून घडलेली दिसली, की दुसऱ्या मनाचे अनुमान करावे. म्हणजे स्वतःचे मन प्रत्यक्ष, दुसऱ्याचे अनुमानाने. कुमारिलांच्या पक्षात मात्र स्वतःचे ज्ञानही तर्कानेच कळते. साहजिकच ‘मी’ आणि ‘तो’ यांतील अंतर कमी होते.

1970 मध्ये गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींच्या चेहऱ्यावर, ते बेशुद्ध असताना, रंगाची खूण केली. पुढे आरशात पाहून ते स्वतःच्या चेहऱ्यावरील खुणेस हात लावू लागले. पण स्वतःचे शरीर ओळखणे वेगळे आणि स्वतःचे ज्ञान ओळखणे वेगळे.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. ‘समजले का?’ असे गुरुजींनी विचारता विद्यार्थी ‘हो’ म्हणतो. ज्ञान स्वयंप्रकाश असेल, तर त्याच्या मनात काय चालले आहे याचा साक्षी तोच. ते तर्काने कळणारे असेल, तर गुरुजींप्रमाणे त्यानेही नवे उदाहरण सोडवून पाहावे. आपणांस समजले आहे की समजल्यासारखे वाटते आहे, हे त्यास स्वतःलाही तेव्हाच कळेल.