ऊर्जा-सहकार्य, आंतरराज्यीय : सरदार सरोवर व नंदुरबार जिल्हा

ऊर्जेची तूट असलेला प्रदेश आणि ऊर्जासाधने हाती असलेला प्रदेश यांनी दीर्घ मुदतीच्या कराराने ऊर्जेचा पुरवठा, त्यासाठी लागणारे भांडवल आणि त्यातून होणारा लाभ यांची परस्परांत वाटणी करणे, यास ऊर्जा-सहकार्य असे म्हणतात. तेल अथवा नैसर्गिक वायू आयात करणारी राष्ट्रे आणि ती निर्यात करणारी राष्ट्रे यांच्यातील करार हा या सहकार्याचा सर्वपरिचित प्रकार होय. आयातदारास पुरवठ्याची शाश्वती हवी असते, तर निर्यातदारास मागणीची. उदा., भारतातील पेट्रोनेट एलएनजी व कतारमधील रासगॅस या कंपन्यांमध्ये १९९९ मध्ये प्रतिवर्षी ७५ लाख टन द्रवरूप नैसर्गिक वायूच्या खरेदीचा २५ वर्षे मुदतीचा करार झाला आणि २००४ मध्ये गुजरातमधील दहेज बंदरात हा वायू येऊ लागला. संघराज्यातील घटक राज्यांमध्येही अशा स्वरूपाचे सहकार्य होते. तेथे देवघेवीची वस्तू तेल नसून बहुधा नदीचे पाणी, तिच्या पात्राचा उतार आणि धरणासाठी लागणारी जमीन ही असते. महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्याशी निगडित असलेला सरदार सरोवर प्रकल्प हे याचे महत्त्वाचे उदाहरण होय.

भौगोलिक पार्श्वभूमी : नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा नदी वाहते. नदीच्या एकूण १,३१२ किमी. लांबीपैकी सु. ३५ किमी. लांबीचे पात्र ही मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांची, तर पुढील सु. ३९ किमी. लांबीचे पात्र ही महाराष्ट्र व गुजरात यांची सीमा आहे. या भागात विंध्य व सातपुडा यांच्या रांगा नदीच्या जवळ येतात, त्यामुळे पात्र अरुंद व खोल बनले आहे. पाणी उंचावर अडवून वीजनिर्मिती करण्यास असे पात्र अनुकूल असते. याउलट, काठची जमीन चढउताराची असल्याने नदीचे पाणी कालव्याने शेतीकडे नेणे येथे कठीण जाते. अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) या तालुक्यांतील नदीकाठी भिल्ल, पावरा इ. आदिवासी समाजांची वस्ती आहे. डोंगरउतारावरील शेती, वनोपज, गुरे व मासेमारी यांवर या वस्तीचा निर्वाह चालत असे.

जलसिंधी योजना व तंटा : गुजरातमधील नवागाम येथील मूळ धरणाची कोनशिला पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ५ एप्रिल १९६१ रोजी बसविण्यात आली. नंतर त्याची उंची पुष्कळ वाढविण्याचा प्रस्ताव पुढे आला. दरम्यान मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांनी सीमेवरील जलसिंधी येथे संयुक्तपणे जलविद्युत् प्रकल्प उभारण्याचा करार १९६५ मध्ये केला. नवागामचे धरण उंच झाल्यास जलसिंधीची जागाच त्याच्या जलाशयाखाली जाणार होती. गुजरातला सिंचनासाठी उंच धरण हवे होते, तर महाराष्ट्राचा मुख्य हितसंबंध विजेचा होता. परस्पर वाटाघाटींनी हा प्रश्न सुटला नाही. तेव्हा आंतरराज्यीय पाणीतंटा अधिनियम, १९५६ अन्वये केंद्र शासनाने ६ ऑक्टोबर १९६९ रोजी न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली नर्मदा पाणीतंटा लवाद नेमला.

निवाडा : लवादाचा अंतिम निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. नर्मदेच्या वापरण्यायोग्य २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी मध्य प्रदेशास १८·२५, गुजरातला ९, राजस्थानला ०·५ व महाराष्ट्रास ०·२५ दशलक्ष एकर-फूट पाणी देण्यात आले. धरणाची पूर्ण जलसंचय पातळी ४५५ फूट (१३८·६८ मी.) ठरविण्यात आली. विजेची वाटणी मात्र पाण्याहून अगदी वेगळी झाली : मध्य प्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७ टक्के व गुजरात १६ टक्के. प्रकल्पाच्या वीजविभागाचा खर्चही याच प्रमाणात सोसावयाचा होता. ज्या राज्यात धरण त्याला विजेचा सर्वांत लहान वाटा आणि ज्यास पाण्याचा शंभरावा भागही मिळाला नाही त्या महाराष्ट्रास विजेचा चौथ्या भागाहून अधिक वाटा, असे या वाटणीचे स्वरूप आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा निवाडा मुख्यतः ऊर्जेचाच करार ठरला.

वीजनिर्मिती : प्रकल्पाची दोन वीजगृहे आहेत. नदीपात्रालगतच्या भूमिगत वीजगृहात प्रत्येकी २०० मेगॅवॉट क्षमतेचे सहा संच असून कालव्याच्या मुखाशी असलेल्या वीजगृहात प्रत्येकी ५० मेगॅवॉटचे पाच संच आहेत. एकूण स्थापित क्षमता १,४५० मेगॅवॉट असून तीपैकी महाराष्ट्राचा वाटा ३९१·५ मेगॅवॉट होतो. सर्व संच २००४ ते २००६ या काळात कार्यान्वित झाले. महाराष्ट्राच्या वाट्याची वीज ४०० केव्ही वाहिनीने धुळे येथील उपकेंद्रात आणली जाते आणि तेथून राज्याच्या सर्वसाधारण वीजजालात मिसळते. स्थापित क्षमता व प्रत्यक्ष निर्मिती यांत फरक असतो. निर्मिती त्या वर्षीच्या पावसावर व जलाशयातील पातळीवर अवलंबून राहते. शिवाय वरच्या भागात पाण्याचा वापर वाढेल आणि नदीत सोडण्याऐवजी अधिक पाणी कालव्याकडे वळविले जाईल, तसतशी नदीपात्रातील वीजनिर्मिती घटत जाणे अटळ आहे. प्रकल्पाच्या आखणीतच ही घट गृहीत धरलेली होती.

बुडीत क्षेत्र : पूर्ण पातळीस जलाशयाची लांबी सु. २१४ किमी. होते. महाराष्ट्रातील सु. ९,६०० हे. क्षेत्र त्याखाली येते. त्यात सु. ६,५०० हे. वनक्षेत्र व सु. १,५०० हे. लागवडीखालील जमीन असून उरलेले नदीपात्र व इतर क्षेत्र आहे. अक्कलकुवा तालुक्यातील ९ व अक्राणी तालुक्यातील २४ अशी ३३ गावे बाधित झाली. या आकड्यांवरून बाधित शेती अल्प वाटते, तथापि तसे समजणे चुकीचे ठरेल. अनेक कुटुंबे पिढ्यान्पिढ्या जी जमीन कसत होती, ती सरकारी दप्तरात वनजमीन म्हणून नोंदलेली होती आणि कसणारे तेथे अतिक्रमक ठरत होते. ज्या वनावर व नदीवर उपजीविका चाले, त्यांवर कोणाच्याही नावाची नोंद नव्हती. पाणीपातळी वाढल्यावर काही वस्त्या न बुडताही चहूबाजूंनी पाण्याने वेढल्या गेल्या.

पुनर्वसन : जमीन गमावणाऱ्यांचा विचार कराराचा भाग म्हणून करण्यात आला, हे या निवाड्याचे वैशिष्ट्य होय. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या प्रत्येक कुटुंबास किमान दोन हे. सिंचनक्षम जमीन द्यावी, सज्ञान मुलास स्वतंत्र कुटुंब मानावे, बुडीतापूर्वी किमान एक वर्ष जमिनीचा ताबा द्यावा आणि मध्य प्रदेश व महाराष्ट्र येथील विस्थापितांच्या पुनर्वसनाचा खर्च गुजरातने सोसावा, असे ठरले. महाराष्ट्रात बाधित कुटुंबांची संख्या चार हजारांवर गेली. काहींचे पुनर्वसन गुजरातमध्ये झाले. इतरांसाठी तळोदे भागातील सु. ४,२०० हे. वनजमीन मोकळी करून देण्यात आली आणि सोमावल, रोझवा, रेवानगर इ. वसाहती उभ्या राहिल्या. मात्र या वनजमिनीचा काही भाग आधीपासून इतर आदिवासी कसत होते, त्यामुळे एका गटाचे पुनर्वसन दुसऱ्या गटाच्या निर्वाहाआड येऊ लागले.

नर्मदा बचाओ आंदोलनाने मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखाली प्रथम योग्य पुनर्वसनाची मागणी केली व पुढे प्रकल्पासच विरोध केला. जागतिक बँकेने १९८५ मध्ये प्रकल्पास ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले होते. बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसन व पर्यावरण यांविषयी गंभीर त्रुटी दाखविल्या आणि मार्च १९९३ मध्ये हे साहाय्य थांबले. आंदोलनाच्या १९९४ मधील याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी निर्णय दिला. त्यानुसार बांधकाम पुढे चालू ठेवण्यास अनुमती मिळाली, मात्र उंचीतील प्रत्येक वाढ पुनर्वसनाच्या प्रगतीशी जोडण्यात आली. धरणाचे लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला.

बिलगावचा प्रयोग : अक्राणी तालुक्यातील बिलगावात विजेचे जाळे पोहोचले नव्हते. तेथील उदई नदीच्या धबधब्यावर ग्रामस्थांनी केरळमधील तंत्रज्ञांच्या साहाय्याने श्रमदानातून १५ किलोवॉट क्षमतेचा लघू जलविद्युत् प्रकल्प उभारला. तो २००३ मध्ये सुरू झाला आणि गावातील घरे व शाळा यांत दिवे लागले. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पाण्याने हा प्रकल्प निकामी झाला. त्याच वर्षी सरदार सरोवराचे सर्व वीजसंच पूर्ण झाले होते. १५ किलोवॉट व १,४५० मेगॅवॉट यांची संख्येने तुलना होऊ शकत नाही. परंतु लहान प्रकल्पाची वीज ज्यांच्या नदीवर निर्माण झाली त्यांच्याच घरी पोहोचली होती, तर मोठ्या प्रकल्पातील राज्याच्या वाट्यात या वस्त्यांसाठी वेगळा हिस्सा राखून ठेवलेला नव्हता.

मूल्यमापन : तेलाच्या व्यवहारात निर्यातदार राष्ट्रास विकलेल्या प्रत्येक पिंपाचे मोल मिळते आणि करार संपल्यावर नव्या अटी घालता येतात. जलविद्युत् सहकार्यात जमीन एकदाच व कायमची दिली जाते, तर मोबदल्यात मिळणारी वीज दरवर्षी कमीजास्त होते व कालांतराने घटत जाते. करार राज्याराज्यांत होतो आणि लाभही राज्यालाच मिळतो, मात्र त्याचे मोल काही गावांना द्यावे लागते. नर्मदा लवादाने ही विषमता ओळखून पुनर्वसन ही सहकार्याची अट केली. त्यामुळे अशा योजनांच्या इतिहासात या निवाड्यास मानाचे स्थान आहे. तिच्या अंमलबजावणीचा नंदुरबार जिल्ह्यातील अनुभव मात्र असे दर्शवितो, की वाटणीची टक्केवारी ठरविताना जमीन देणाऱ्या गावांचा हिस्सा स्वतंत्रपणे नमूद केला नाही, तर तो नंतर मिळविणे अतिशय कठीण होऊन बसते.