लहान लॅपटॉप : किंमत, वजन आणि आयुष्य

महाविद्यालयीन प्रवेशाचे दिवस आले की अनेक कुटुंबांत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : मुलासाठी वा मुलीसाठी लॅपटॉप कोणता घ्यावा? पिशवीत सहज मावावा, बसमध्ये वा लोकलमध्ये खांद्याला भार होऊ नये आणि खिशालाही परवडावा, एवढीच अपेक्षा असते. निवृत्तीनंतर पत्रव्यवहार, बँकेची कामे आणि परगावच्या नातवंडांशी संवाद यांसाठी लॅपटॉप घेणाऱ्या ज्येष्ठांची अपेक्षाही याहून निराळी नसते. मात्र ‘स्वस्त’ आणि ‘लहान’ या दोन शब्दांच्या आड पुष्कळदा तिसरा शब्द दडलेला असतो, तो म्हणजे ‘अल्पायुषी’. खरेदीपूर्वी तो ओळखता आला पाहिजे.

एका प्रयोगाचा धडा

२००७ मध्ये तैवानच्या आसुस कंपनीने ‘ई पीसी ७०१’ हा चिमुकला संगणक बाजारात आणला. पडदा अवघा ७ इंचांचा आणि वजन एक किलोहूनही कमी. कमी किमतीमुळे त्याचे जगभर कौतुक झाले व ‘नेटबुक’ नावाचा एक वर्गच उदयास आला. परंतु कळा इतक्या दाटीने बसविलेल्या होत्या की सलग लेखन करणे कष्टाचे होई, आणि साठवणक्षमता ४ जीबी एवढीच होती. २०१० मध्ये आयपॅड आला आणि पुढील दोन-तीन वर्षांत नेटबुकची लाट ओसरली. किंमत व आकार यांच्या मोहात कामाचा विचार मागे पडला की काय होते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

जे बदलता येत नाही, त्यावर खर्च करावा

पिशवी किंवा माऊस पुढे केव्हाही घेता येतो. रॅमचे तसे नाही. अनेक लहान लॅपटॉपमध्ये ती मुख्य फलकावरच कायमची जोडलेली असते, नंतर वाढविता येत नाही. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण पुरते असे मायक्रोसॉफ्ट सांगते. पण ‘चालणे’ वेगळे आणि ‘नीट चालणे’ वेगळे. एवढ्या साठवणीतील बराच भाग विंडोजच व्यापते आणि काही महिन्यांतच अपडेटला जागा उरत नाही. म्हणून रॅम ८ जीबी व साठवण २५६ जीबी ही खालची मर्यादा मानावी. साठवण ‘एसएसडी’ आहे की ‘ईएमएमसी’, हेही आवर्जून विचारावे. दुसरा प्रकार स्वस्त असतो, पण सामान्यतः मंद.

पडदा १३ ते १४ इंचांचा असल्यास डोळ्यांना सुसह्य होतो आणि यंत्र दीड किलोच्या आत मिळू शकते. दुकानात पाच मिनिटे बसून स्वतः टंकलेखन करून पाहावे. मराठीत लिहिणाऱ्यांनी इनस्क्रिप्ट कळफलक सुरू करून दोन-चार जोडाक्षरयुक्त ओळी अवश्य लिहाव्यात. टाइप-सी चार्जिंगची सोय असल्यास प्रवासात चार्जर हरवला तरी पर्याय मिळणे सोपे जाते.

जुना घ्यावा का?

दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप निम्म्या किमतीतही मिळतात आणि त्यांतील काही खरोखर उत्तम असतात. तथापि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबविले. इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. असे यंत्र वरकरणी चकचकीत दिसले, तरी सुरक्षा अपडेटविना त्यावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी न लावता घर सोडणे होय. लिनक्स वापरण्याची तयारी असेल तर मात्र अशा यंत्रालाही नवे आयुष्य देता येते. क्रोमबुक घेणाऱ्यांनी त्या नमुन्याच्या अपडेटची अंतिम तारीख पाहावी. ती त्या नमुन्याचा प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजली जाते, आपण खरेदी केल्यापासून नव्हे.

हप्ता आणि यंत्राचे आयुष्य

‘विनाव्याज हप्ते’ ही जाहिरात आकर्षक असते. परंतु शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच स्पष्ट केले होते. अशा योजनांत बहुधा व्याजाइतकी सूट विक्रेता किमतीत देतो. प्रक्रिया शुल्क आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांतील व्याजावरील जीएसटी ग्राहकालाच सोसावा लागतो. म्हणून रोखीची किंमत व हप्त्यांची एकूण बेरीज शेजारी शेजारी मांडून पाहावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हप्त्यांची मुदत यंत्राच्या उपयुक्त आयुष्यापेक्षा अधिक नसावी. यंत्र वर्षभरात कुचकामी झाले आणि हप्ते मात्र आणखी वर्षभर चालू राहिले, तर त्या ‘स्वस्त’ खरेदीची खरी किंमत तेव्हा कळते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. पण अंथरूण निदान पाच वर्षे टिकेल एवढे जाड आहे ना, हेही पाहावे. लॅपटॉपची किंमत तो जितकी वर्षे वापरता येईल त्या वर्षांनी भागावी. दोन-चार हजार रुपये अधिक देऊन घेतलेले यंत्र या हिशेबात अनेकदा स्वस्त ठरते.