रानातली बालके

गेली पंचवीस वर्षे बेळगावात मी बालकांवर उपचार करीत आलो आहे. सवड मिळाली की दांडेली, खानापूर, चोर्ल्याच्या रानात भटकणे हा माझा जुना छंद. तिथेही व्यवसायाची सवय सुटत नाही. एखादा भव्य वृक्ष दिसला की नजर आधी त्याच्या पायथ्याशी जाते आणि मन विचारते, याची मुले कुठे आहेत?

वृक्षाला चालता येत नाही. पण आपले बी त्याला दूर धाडावेच लागते. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात, किंजळीच्या फळाला एक मोठा आणि दोन लहान. शिसवीची शेंग तर कागदासारखी पातळ. ही मंडळी वाऱ्यावर विसंबतात. सदाहरित रानाच्या गर्द छायेत मात्र वारा पडलेला असतो, आणि अंधारात तग धरण्यासाठी रोपाला मोठ्या बियांतील शिदोरी लागते. म्हणून राळधूप, रानजायफळ असे वृक्ष पक्ष्यांना फळांचे आमिष दाखवतात.

हे अंतर कशासाठी? डॅनियल जान्झेन यांनी १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली स्वतंत्रपणे मांडलेला विचार आपणा वैद्यकांना चटकन पटेल. मातृवृक्षाखाली बियांची दाटी होते. त्याच जातीवर जगणारे कीटक आणि बुरशीही तिथेच साचलेली असते. नवजात कक्षात खाटा एकमेकींना खेटल्या की संसर्ग कसा फोफावतो, हे आपण जाणतोच.

मोठ्या बियांचा थोर वाहक म्हणजे धनेश. विणीच्या काळात मादी वृक्षाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर अरुंद फटीतून तिला फळे भरवतो. महाधनेशाच्या मादीचा हा बंदिवास तीन-चार महिन्यांचा. धनेश फळातला गर पचवतो आणि बी जसेच्या तसे ओकून टाकतो. दांडेलीत एका वनरक्षकाने ढोलीखालचा पाचोळा सारून मला बिया दाखवल्या होत्या. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आत काय खाल्लं, ते इथं खाली वाचायचं!" बऱ्याचशा बिया मात्र वाटेत, दूरच्या झाडांखाली विखुरतात. रान वाढते ते त्यांतून.

चार वर्षांपूर्वी, पावसाच्या तोंडावर, चोर्ला घाट उतरून सत्तरीतील एका देवराईत गेलो. तिथे रानजायफळाचा जुना वृक्ष होता. खाली पत्रीसकट बिया कुजत पडल्या होत्या. परंतु तासभर शोधूनही गुडघ्याएवढे एक रोप सापडले नाही. सोबतचे वृद्ध गावकर म्हणाले, "पूर्वी पंखांचा आवाज लांबून ऐकू यायचा." देवराईलगतचा ढोलीचा बेहडा 'पोकळ, निरुपयोगी' म्हणून तोडला गेला, त्यानंतर तो आवाज थांबला होता. ज्याला आपण पोकळ समजलो, ते रानाचे प्रसूतिगृह होते.

जायफळाचे बी वाळले की मरते. म्हणून ताज्या बिया निवडून गावकरांनी आणि मी पिशव्यांत पेरल्या. अकरा रुजल्या. गेल्या पावसाळ्यात ती रोपे मातृवृक्षापासून दूर, ओहोळाकाठी लावली. हे काम धनेश विनामूल्य आणि आमच्यापेक्षा कितीतरी चांगले करीत होता.

आपल्या मंडळातील अनेकांची वडिलोपार्जित जमीन खानापूर, चंदगड, सावंतवाडीकडे आहे. तिथला ढोलीचा जुना वृक्ष विकण्यापूर्वी आत कोणी नांदत आहे का, एवढे अवश्य पाहावे, ही एका बालरोगतज्ज्ञाची विनंती.