साखर कारखान्यातील वाफेचा दाब

दसऱ्याच्या सुमारास सातारा-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांत बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो झळकू लागतात. अध्यक्ष, संचालक, पूजेचे ताट आणि मागे भट्टीचे दार. त्या दारामागे काय चालते, हे फोटोखाली कधी छापून येत नाही. रेठरे बुद्रुक, साखराळे, यशवंतनगर किंवा सांगलीच्या कारखान्यात आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी आहेच, म्हणून हा विषय घेतला. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. बॉयलर हाऊसमध्ये हयात काढलेल्या माझ्या मामांकडून जे ऐकले, त्यात थोड्या वाचनाची भर घातली आहे.

गुऱ्हाळ सर्वांनी पाहिले आहे. चुलवाणात चिपाड जळते, वर काहिलीत रस उकळतो. कारखान्यातही चिपाडच जळते, तिथे त्याला बगॅस म्हणतात. मात्र जाळ रसाला लागत नाही. जाळावर पाण्याची वाफ होते आणि ती नळांतून फिरून रस तापवते, आटवते. कोपनहेगनसारख्या थंड शहरात एका केंद्रातून गरम पाणी दाबाखाली घरोघर पाठवतात. आपला कारखाना त्याचाच भाऊबंद. चूल एक, तापवायच्या जागा अनेक.

उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. कुकरमध्ये दाब वाढला की ते सुमारे १२० अंशांपर्यंत चढते. जुने बॉयलर चौरस सेंटिमीटरला २१ किंवा ३२ किलो दाबाचे असत. नंतर सहवीजनिर्मिती आली आणि ६७, ८७, ११० किलोचे बॉयलर बसू लागले. रस आटवायला एवढा दाब लागतो का? मुळीच नाही. दीड किलोच्या आसपासची वाफ पुरते. पण जास्त दाबाची, ५०० अंशांच्या वर तापवलेली वाफ आधी टर्बाइनमधून सोडली तर ती वीज देते, आणि दाब उतरल्यावरही रस आटवण्याइतकी उष्णता तिच्यात शिल्लक राहते. तेवढ्याच बगॅसमध्ये जास्त वीज मिळते. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज विकता येते.

दाब वाढवायचा म्हणजे नुसता काटा पुढे सरकवायचा नव्हे. ८७ किलोच्या ड्रममध्ये पाणी ढकलायचे तर फीड पंपाचा दाब त्याहून जास्त हवा. ३२ किलोसाठी घेतलेला पंप तिथे थेंबभर पाणीही आत घालू शकणार नाही. म्हणून एकाच दांड्यावर अनेक चक्रे ओळीने बसवलेला पंप लागतो. प्रत्येक चक्र दाबात थोडी भर घालते. ड्रम, नळ, व्हॉल्व्ह सगळेच त्या तोलाचे घ्यावे लागते.

सर्वांत नाजूक बाब पाण्याची. वाफ थंड होऊन झालेले पाणी पुन्हा बॉयलरला देतात. त्यात रसाचा अंश उतरला तर साखर जळून आम्ल तयार होते, पाणी फेसाळते आणि नळ्यांवर थर बसतो. मग नळी आतून थंड राहत नाही, फुगते आणि फुटते. जुना बॉयलर अशी चूक काही प्रमाणात पोटात घालत असे. नवा घालत नाही. म्हणून पाण्याची तपासणी चोवीस तास चालते.

मामा म्हणत, "बाळा, काटा नंतर बघ, आधी काच बघ." काच म्हणजे ड्रममधील पाण्याची पातळी दाखवणारी नळी. पाणी तळाला गेलेले असताना घाईने पंप सुरू करणे हा सर्वांत मोठा घात, असे ते सांगत. त्यांच्या कारखान्यात जास्त दाबाचा बॉयलर आला तेव्हा बगॅस यंत्राने पडू लागली आणि फावडेवाल्यांची पाळीच संपली. ज्यांच्याजवळ बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र होते तेवढे टिकले. मामांनी ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, रात्रपाळी करून मिळवले.

१९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा आला, तरी बॉयलर प्रमाणपत्रधारकाच्याच हाती असावा लागतो. परीक्षा राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडून होते. तिला बसण्यासाठी अनुभवाचा दाखला लागतो. हंगामी कामगारांनी तो हंगाम संपण्याआधीच लेखी मागून घ्यावा. मामांना तो मिळवायला दोन वर्षे खेटे घालावे लागले होते.