गेम कंपनीचा बॉस गुंतवणूकदार झाला, परत बॉस झाला आणि स्वतःच्याच जुन्या फंडाचे स्टुडिओ विकत घेतले! नेमकं प्रकरण काय?

'पोकेमॉन गो' किंवा 'अमंग अस' खेळलाय का? मग 'युनिटी'शी तुमचा संबंध आलाय. हे दोन्ही गेम याच सॉफ्टवेअरवर बनलेत. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने जाहीर केलं, की एका मर्यादेनंतर गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल, त्या प्रत्येक वेळेचे पैसे डेव्हलपरने द्यायचे. जगभरचे डेव्हलपर भडकले. महिन्याभरात सीईओ जॉन रिचितिएल्लो पायउतार झाले.

पण त्यांची त्याआधीची गोष्ट जास्त भारी आहे.

कोण आहेत हे?

१९९७ मध्ये ते 'ईए'चे अध्यक्ष झाले. 'फिफा', 'नीड फॉर स्पीड' काढणारी हीच ती कंपनी. २००४ मध्ये त्यांनी ईए सोडली आणि 'एलिव्हेशन पार्टनर्स' या फंडाच्या संस्थापकांपैकी एक झाले. यू२ बँडचा गायक बोनोही सोबत होता. फंड होता सुमारे १९० कोटी डॉलरचा.

म्हणजे ते बँकर झाले?

अगदी तसं नाही. इन्व्हेस्टमेंट बँकर सौदा जुळवून देतो आणि त्याची फी घेतो, आपल्याकडच्या जमिनीच्या एजंटसारखा. प्रायव्हेट इक्विटी फंड मात्र बड्या गुंतवणूकदारांचे पैसे गोळा करून कंपन्याच विकत घेतो आणि काही वर्षांनी जास्त भावाने विकतो. रिचितिएल्लो या दुसऱ्या धंद्यात होते.

मग वाद कसला?

क्रम नीट बघा.

- २००५ : एलिव्हेशनने बायोवेअर आणि पॅन्डेमिक हे दोन गेम स्टुडिओ एकत्र आणले. सुमारे ३० कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर झाली.
- एप्रिल २००७ : रिचितिएल्लो ईएमध्ये परतले, यावेळी सीईओ म्हणून.
- ऑक्टोबर २००७ : ईएने हेच दोन स्टुडिओ घ्यायचं ठरवलं. सौदा जास्तीत जास्त ८६ कोटी डॉलरचा.

म्हणजे विकणाऱ्या फंडात ज्यांचा आर्थिक वाटा, तेच घेणाऱ्या कंपनीचे सीईओ! ईएने हे लपवलं नाही, त्यांचे हितसंबंध अधिकृतपणे जाहीर केले होते. तरीही प्रश्न उरतोच. भाव ठरवताना टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस दिसत असेल, तर शेअरहोल्डरने विश्वास कशावर ठेवायचा?

पुढे काय झालं?

जानेवारी २००८ मध्ये सौदा पूर्ण झाला. फंडाला पैसे मिळाले. बायोवेअर टिकला. पॅन्डेमिक मात्र नोव्हेंबर २००९ मध्ये ईएने बंद केला आणि सुमारे २०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. गुंतवणूकदार वेळेत बाहेर पडले होते, गेम बनवणारे आतच अडकले.

आज हे का वाचायचं?

कारण सप्टेंबर २०२५ मध्ये खुद्द ईएच विकत घेण्याचा सौदा जाहीर झाला. किंमत ५,५०० कोटी डॉलर! खरेदीदारांमध्ये सौदीचा सरकारी गुंतवणूक फंड आणि सिल्व्हर लेक ही प्रायव्हेट इक्विटी कंपनी आहे. यातले सुमारे २,००० कोटी डॉलर कर्जाचे आहेत.

हे कर्ज फिटणार कशातून? गेमच्या कमाईतून आणि खर्चकपातीतून. कमाई म्हणजे तुमचा-आमचा खिसा आणि खर्चकपात म्हणजे बऱ्याचदा कुणाची तरी नोकरी. त्यामुळे पुढच्या वेळी एखादा स्टुडिओ विकला गेल्याची बातमी आली, तर आकड्यासोबत एवढंही बघा : विकणारा कोण, घेणारा कोण आणि दोघांचं आधीचं नातं काय?