निवासगृहांच्या कार्याचे तुलनात्मक मापन : आग्नेय आशियातील नगरे आणि वऱ्हाडातील धर्मशाळा

एखादे निवासगृह 'चांगले चालले आहे' असे म्हणताना नेमके काय अभिप्रेत असते, हा प्रश्न वरकरणी वाटतो तितका सोपा नाही. अमरावतीच्या एखाद्या लॉजचा चालक आज किती खोल्या लागल्या ते पाहतो. त्याला कर्ज देणारी पेढी वर्षाअखेर शिल्लक काय राहिली ते पाहते. तेथून पश्चिमेस जवळच असलेल्या भातकुलीसारख्या क्षेत्री धर्मशाळेची व्यवस्था पाहणाऱ्या विश्वस्तांपुढचा प्रश्न याहून निराळा असतो; आलेल्या यात्रेकरूंपैकी कोणाला परत जावे लागले काय, ही त्यांची चिंता असते. तिघांचाही विषय एकच, म्हणजे परक्या माणसाला रात्रीपुरते छप्पर देणे, हा आहे. परंतु यशाचे माप मात्र तिघांचे तीन प्रकारचे आहे. ही मापे कोठे परस्परांशी जुळतात आणि कोठे जुळत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हॉटेल-व्यवसायात तुलनेची गरज प्रथम हिशेबाच्या अंगाने जाणवली. प्रत्येक हॉटेल आपापल्या पद्धतीने खर्चाची खाती मांडीत असल्यामुळे एकाचा नफा दुसऱ्याच्या नफ्याशी ताडून पाहणे अशक्य होते. ही अडचण दूर करण्यासाठी न्यूयॉर्क शहरातील हॉटेलांच्या संघटनेने १९२६ साली हिशेबाची एक समान पद्धती प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही जगभर वापरल्या जातात. पुढे १९८५ साली अमेरिकेत स्मिथ ट्रॅव्हल रिसर्च ही संस्था निघाली. अनेक हॉटेलांकडून आकडे गोळा करावयाचे आणि कोणाचेही नाव उघड न करता प्रत्येकाला त्याच्या बरोबरीच्या गटाची सरासरी कळवावयाची, हा तिच्या कामाचा मुख्य भाग होता. आपले हॉटेल इतरांच्या मानाने कोठे उभे आहे, हे त्यामुळे मालकाला प्रथमच नियमितपणे कळू लागले.

या तुलनेचा पाया तीन आकड्यांवर उभारलेला आहे. पहिला आकडा भरलेल्या खोल्यांच्या प्रमाणाचा होय. उपलब्ध खोल्यांपैकी शेकडा किती खोल्या त्या रात्री लागल्या, हे तो सांगतो. दुसरा आकडा सरासरी खोलीभाड्याचा. खोल्यांपासून आलेल्या उत्पन्नास लागलेल्या खोल्यांच्या संख्येने भागले असता तो मिळतो. तिसरा आकडा उपलब्ध खोलीमागील उत्पन्नाचा. म्हणजे त्याच उत्पन्नास भरलेल्या व रिकाम्या अशा सर्व खोल्यांच्या संख्येने भागावयाचे. व्यवसायात याला 'रेव्हपार' असे म्हणतात. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजेच हा तिसरा आकडा होय.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. प्रत्येकी ५० खोल्यांचे दोन लॉज आहेत, असे समजू. पहिल्यात ६०० रुपये भाड्याने ४० खोल्या लागल्या. दुसऱ्यात १००० रुपये भाड्याने २५ खोल्या लागल्या. पहिला ८० टक्के भरलेला आणि दुसरा अर्धा रिकामा, म्हणून पहिला अधिक चांगला चालला, असे कोणीही म्हणेल. तथापि पहिल्याचे उत्पन्न २४,००० रुपये आणि दुसऱ्याचे २५,००० रुपये आहे. उपलब्ध खोलीमागे ते अनुक्रमे ४८० व ५०० रुपये पडते. आता धुलाई, साबण, वीज, पाणी यांसाठी लागलेल्या प्रत्येक खोलीमागे १५० रुपये खर्च येतो असे धरले, तर पहिल्याजवळ १८,००० आणि दुसऱ्याजवळ २१,२५० रुपये उरतात. सारांश, खोल्या भरणे आणि व्यवसाय चांगला चालणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

एकाच गावातील दोन लॉजांची तुलना इतकी फसवी होऊ शकते, तर निरनिराळ्या देशांतील नगरांची तुलना किती सावधपणे करावी लागेल, हे सांगावयास नको. सिंगापूर, बँकॉक, जकार्ता, क्वालालंपूर, हनोई या नगरांतील हॉटेलांचे आकडे शेजारी शेजारी मांडण्याची प्रथा रूढ आहे. सिंगापूरचे पर्यटन मंडळ तर वरील तीनही आकडे दरमहा प्रसिद्ध करते. परंतु असे आकडे वाचताना चार पथ्ये पाळावी लागतात, आणि ती पथ्ये वऱ्हाडातही तितकीच लागू आहेत.

पहिले पथ्य भागाकारातील छेदाविषयी आहे. रंगरंगोटीसाठी चार दिवस बंद ठेवलेल्या खोल्या कोणी उपलब्ध खोल्यांतून वगळू लागला, तर त्याचे भरलेल्या खोल्यांचे प्रमाण आपोआप वाढेल. म्हणून अल्पकाळ बंद असलेली खोली उपलब्धच धरावी आणि दीर्घकाळ बंद असलेलीच वगळावी, असा संकेत आहे. दुसरे पथ्य करासंबंधीचे. सिंगापुरात बहुतेक हॉटेले दरपत्रकातील आकड्यावर १० टक्के सेवाआकार घेतात आणि त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. हा कर १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे. सरासरी भाडे काढताना या रकमा वगळाव्याच लागतात. भारतातही १८ जुलै २०२२ पासून दररोज १००० रुपयांपर्यंतच्या हॉटेल-खोल्यांवर १२ टक्के कर आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर तो ५ टक्के झाला. ८०० रुपयांच्या खोलीसाठी ग्राहकाने पूर्वी ८९६ रुपये दिले असतील, तर आता तो ८४० रुपये देईल. करासह भाडे नोंदविणाऱ्या लॉजाच्या वहीत ५६ रुपयांची घसरण दिसेल. मालकाच्या पदरात पडणारी रक्कम मात्र पूर्वीइतकीच राहील.

तिसरे पथ्य चलनाचे होय. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने बाथचा ठरीव विनिमयदर सोडून दिला. तोपर्यंत सुमारे २५ बाथांना मिळणाऱ्या डॉलरसाठी जानेवारी १९९८ मध्ये ५० हून अधिक बाथ मोजावे लागू लागले. बँकॉकमधील २५०० बाथांची खोली त्याच भाड्याने रोज लागत राहिली असती, तरी डॉलरांत मांडलेल्या तक्त्यात तिचे भाडे १०० वरून ५० च्या खाली गेलेले दिसले असते. चौथे पथ्य पंचांगाचे. चिनी नववर्ष २०२३ साली २२ जानेवारीस, तर २०२४ साली १० फेब्रुवारीस आले. म्हणून त्या दोन वर्षांचे जानेवारी महिने परस्परांशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. वऱ्हाडी वाचकाला हे निराळे समजावून देण्याची गरज नाही. अमरावतीस अंबादेवीच्या नवरात्राची घटस्थापना २०२२ साली २६ सप्टेंबरला झाली. २०२३ साली श्रावण अधिक आल्याने ती १५ ऑक्टोबरला झाली. सप्टेंबरची सप्टेंबरशी तुलना करणारा लॉजचालक अशा वेळी विनाकारण चिंतेत पडेल.

ही चार पथ्ये पाळूनही एक मूलभूत अडचण शिल्लक राहते. हॉटेलांच्या मापनपद्धतीत असे गृहीत धरलेले असते की मागणी वाढली की भाडे वाढते. सिंगापुरात २००८ पासून होणाऱ्या रात्रीच्या मोटार-शर्यतींच्या दिवसांत तेथील भाडी कितीतरी वर चढतात. ज्यांना ती परवडत नाहीत, ते येतच नाहीत किंवा दूर कोठेतरी उतरतात. मागणीचा सारा ताण तेथे भाड्याच्या स्तंभात उमटतो, आणि म्हणून तिसरा आकडा पाहिला की त्या नगरीची स्थिती बऱ्याच अंशी कळते.

वऱ्हाडातील चिखलदऱ्याला हे गृहीत पुष्कळसे लागू पडते. सुमारे ११०० मीटर उंचीवरील या गिरिस्थानी पावसाळ्यात, विशेषतः शनिवार-रविवारी, मोठी गर्दी होते आणि खाजगी निवासगृहांची भाडी त्याप्रमाणे वरखाली होतात. सोमवारी सकाळी गाव रिते होते. तेथे आठवड्याची सरासरी न घेता वारांनुसार आकडे मांडले, तर तीन प्रचलित मापे पुरेशी ठरतात. अमरावती शहरातही कचेरी, न्यायालय, विद्यापीठ आणि लग्नसराई यांमुळे येणाऱ्या पाहुण्यांच्या बाबतीत फारशी निराळी स्थिती नाही.

परंतु शेगाव किंवा भातकुली येथे तसे नाही. शेगावी गजानन महाराजांचा प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी या उत्सवांना लोटणाऱ्या समुदायासाठी संस्थानाची भक्तनिवासे आहेत. भातकुली हे आदिनाथांच्या प्राचीन मूर्तीमुळे दिगंबर जैन समाजात अतिशय क्षेत्र मानले जाते. अशा ठिकाणी घेतले जाणारे माफक देणगीमूल्य गर्दीच्या दिवशी वाढवावयाचे नसते. वाढविले तर धर्मशाळेचा हेतूच नष्ट होईल. भारतीय करव्यवस्थेनेही हा भेद मान्य केला आहे. धार्मिक न्यासाने आपल्या क्षेत्राच्या आवारात चालविलेल्या, दिवसाला १००० रुपयांहून कमी आकाराच्या खोल्यांना वस्तू व सेवा करातून सूट आहे. तेव्हा येथे मागणीचा ताण भाड्याच्या स्तंभात उमटणे शक्यच नाही. तो उमटतो रांगेत, ओसरीवर आणि मंडपात पसरलेल्या सतरंज्यांवर. आणि या गोष्टींची नोंद हॉटेलांच्या कोणत्याही तक्त्यात नसते.

खर्चाच्या बाजूसही हेच घडते. शेगावी हजारो सेवाधारी पाळीपाळीने विनामूल्य सेवा करतात. त्यांच्या श्रमाचे मोल खर्चात येत नाही; म्हणून तेथील खर्चाचा आकडा बँकॉकच्याच काय, अमरावतीच्या हॉटेलाशीही ताडता येणार नाही. शिवाय भातकुलीसारखे क्षेत्र शहराला लागून असल्याने पुष्कळ यात्रेकरू सकाळी येऊन सायंकाळी परततात. स्नान, पूजा, दुपारचा विसावा, आणि जैन आचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी भोजन, इतकीच त्यांची गरज असते. ही सेवा धर्मशाळेने दिलेलीच असते. परंतु केवळ रात्री मोजणाऱ्या पद्धतीत ती शून्य ठरते.

सरासरीवर विसंबून राहिल्याने निर्णय कसा चुकतो, हेही एका कल्पित हिशेबाने पाहता येईल. एका क्षेत्री १०० खाटांची धर्मशाळा आहे. वर्षातील ३४० दिवस रोज २० माणसे मुक्कामास येतात आणि यात्रा-पर्वांच्या २५ दिवसांत रोज ३०० येतात. धर्मशाळेत वर्षभरात ६८०० अधिक २५००, म्हणजे ९३०० खाटा लागतील. ३६,५०० उपलब्ध खाटांशी हे प्रमाण सुमारे साडेपंचवीस टक्के पडते. तीनचतुर्थांश वास्तू रिकामी असल्यामुळे अधिक जागेची गरज नाही, असा निष्कर्ष यावरून कोणीही काढील. वस्तुतः त्या २५ दिवसांत रोज २०० याप्रमाणे ५००० यात्रेकरूंना जागा मिळालेली नसते. वर्षभरात आलेल्या १४,३०० जणांपैकी ते शेकडा ३५ भरतात. उलटपक्षी, सर्वांची सोय व्हावी म्हणून आणखी २०० खाटांची पक्की इमारत उठविली, तर भरलेल्या खाटांचे प्रमाण १३ टक्क्यांवर येईल आणि तिची देखभाल वर्षभर क्षेत्राच्या माथी बसेल. योग्य उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. त्या २५ दिवसांपुरते मंडप, सुटीतील शाळांचे वर्ग, गाद्या, पाणी आणि शौचालये यांची तात्पुरती व्यवस्था हेच ते होय. परंतु ते उत्तर सुचावयाचे, तर परत गेलेल्यांची संख्या आधी ठाऊक असली पाहिजे.

या प्रदेशाला ही दृष्टी नवीन नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या, त्या ज्याला अन्यत्र थारा नाही अशा यात्रेकरूला डोळ्यांपुढे ठेवून. धर्मशाळेच्या मापनात जागा न मिळालेल्या माणसालाच प्रथम स्थान द्यावयास हवे, हा विचार त्या कार्यातच अनुस्यूत आहे.

तात्पर्य, आग्नेय आशियातील नगरांच्या तक्त्यांपासून वऱ्हाडाने त्यांची शिस्त घ्यावी. त्यांचे अंतिम माप मात्र जसेच्या तसे घेऊ नये. छेद निश्चित असावा, कर वगळलेला असावा, समानांचीच समानांशी तुलना व्हावी, या गोष्टी सर्वत्र सारख्याच आवश्यक आहेत. धर्मशाळेच्या वहीत मात्र भाड्याच्या स्तंभाऐवजी चार स्तंभ असावेत : वापरण्याजोग्या खाटा, लागलेल्या खाटा, दिवसा विसाव्यास आलेली माणसे आणि जागा देता न आलेली माणसे. त्यांच्या जोडीस सेवेचे तास लिहिले, म्हणजे खर्चाचेही खरे रूप दिसू लागेल. प्रत्येक नोंदीपुढे तारखेबरोबर तिथीही लिहिली, तर अधिक मासाने होणारा घोटाळा टळेल. या वहीला यंत्राची किंवा तज्ज्ञाची गरज नाही. दारावर बसणाऱ्या व्यवस्थापकाला ती रोज लिहिता येईल. चौथा स्तंभ लिहिण्यास सर्वांत अप्रिय आहे. परंतु पुढील वर्षी किती माणसांची सोय करावयाची, हे त्यावाचून ठरविता येणार नाही.