ताट, पेला आणि सरकारी दफ्तर

खाद्यप्रवासाची वर्णने लिहिणाऱ्या लेखकांची वाट महाराष्ट्रात बहुधा ठरून गेलेली आहे. कोल्हापूरचा रस्सा, मालवणची मासळी, गोव्यातील काजूची फेणी आणि अलीकडे पुण्याची ताजी बिअर या चार मुक्कामांवर तिची प्रदक्षिणा पुरी होते. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ने स्वतःच्या भट्टीत गाळलेली बिअर पेल्यात ओतण्यास आरंभ केल्यापासून, जव कोठले, यीस्ट कोणते, कडवटपणा जिभेच्या कोणत्या भागी उमटतो, यांची चर्चा करणारा एक जाणकार रसिकवर्ग आपल्याकडे निर्माण झाला. लहान प्रमाणावर, हाताने, स्थानिक द्रव्यांतून केलेले पेय श्रेष्ठ, हा त्याचा मुख्य सिद्धांत. हा सिद्धांत प्रामाणिकपणे मानणाऱ्याने खरे तर पूर्वेचा रस्ता धरावयास हवा, कारण त्या व्याख्येत तंतोतंत बसणारे आपल्या राज्यातील एक अतिप्राचीन पेय चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांत होते. परंतु तेथे त्याला कोणी कारागिरी म्हणत नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात त्याची नोंद ‘मोहसडवा, नाशवंत मुद्देमाल’ अशी होते, आणि तो जागीच ओतून दिला जातो.

या दोन जिल्ह्यांतून खाण्यापिण्याच्या निमित्ताने हिंडताना माझ्या मनाशी जी गोष्ट पक्की झाली ती अशी की, येथील जवळजवळ प्रत्येक रुचकर पदार्थामागे कोठल्या तरी कचेरीत एक नस्ती उघडलेली आहे. अन्यत्र भोजनभाऊस पदार्थाची कृती विचारून भागते; येथे त्याला कायद्याचे कलमही विचारावे लागते.

चंद्रपूर शहरापुरते हे विधान मात्र लागू पडत नाही. गोंड राजांच्या परकोटाच्या आत-बाहेर वाढलेल्या या गावात नागपूरचा अंमल जिभेवर स्पष्ट जाणवतो. सकाळी तर्री ओतलेले पोहे, दुपारी एखाद्या सावजी भोजनालयात तेलाचा लाल थर मिरविणारे मटण, आणि घरगुती पंक्तीत गोळाभात किंवा सांभारवडी, असा हा क्रम आहे. बल्लारपुरास कागदाची गिरणी आणि कोळशाच्या खाणी यांच्या आश्रयाने तेलुगू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसल्यामुळे, दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील त्या स्थानकाच्या परिसरात इडली आणि उपमा यांना वैदर्भी पोह्यांइतकाच नागरिकत्वाचा हक्क प्राप्त झाला आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो तेव्हा या गावी थंड बिअरची वासना होणे हे चैनीचे लक्षण मानता येणार नाही. तथापि मिळते ती कारखान्यातील ‘स्ट्राँग’. भट्टीवरच्या ताज्या बिअरची चौकशी केली असता एका हॉटेलच्या वाढप्याने मला अत्यंत गंभीरपणे सांगितले की, साहेब, आमच्याकडे सगळा माल ताजाच असतो.

ताडोब्याच्या दारापाशी उभ्या राहिलेल्या विश्रामगृहांविषयी थोडक्यात लिहिणेच बरे. व्याघ्रदर्शनासाठी देशोदेशींचे लोक जेथे येतात तेथे त्यांच्यासमोर पनीरची तीच ती केशरी भाजी ठेवावी, आणि शंभर पावलांवर ज्या बाईच्या परसात काटवलांचा वेल लगडला आहे तिला मात्र भांडी घासावयास बोलवावे, यात जी अरसिकता आहे ती मला वाघ न दिसण्यापेक्षा अधिक खटकली.

खरे भोजन सुरू होते ते मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि वैनगंगेपलीकडे आरमोरी, देसाईगंज या धानाच्या मुलखात, ज्याला सारे झाडीपट्टी म्हणतात. येथे भात हे मुख्य अन्न तर आहेच, पण तो संभाषणाचाही विषय आहे. पाहुण्याला कोणत्या वाणाचा वाढला यावरून यजमानाची ऐपत आणि अगत्य दोन्ही कळतात. बारीक, मऊ, शिजल्यावरही दाणा सुटा राखणारा जो एचएमटी तांदूळ आज विदर्भाबाहेरही खपतो, तो नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्याच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या तुटपुंज्या शेतात, १९८३ साली ‘पटेल ३’ या वाणाच्या उभ्या पिकात वेगळ्या दिसलेल्या काही लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे जोपासून सिद्ध केला, आणि त्या काळी लोकांच्या मनगटावर जे घड्याळ प्रतिष्ठेचे मानले जाई त्याचे नाव त्याला दिले. शिक्षण तिसरीपर्यंतचे. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने हेच बियाणे नेऊन, शुद्ध करून, १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने प्रसृत केले, आणि श्रेयाचा वाद दादाजींच्या निधनापर्यंत, म्हणजे ३ जून २०१८ पर्यंत, शमला नाही. त्या भागातील एका घरी वाफाळता भात आणि त्यावर तुरीचे साधे वरण खाताना मला वाटले की, द्राक्षाच्या एखाद्या जातीला जन्म देणाऱ्या फ्रेंच माणसाचे नाव बाटलीवर छापतात. आपल्याकडे तांदळाच्या पोत्यावर व्यापाऱ्याचे नाव असते.

धानाची कापणी होण्यापूर्वीच उभ्या पिकात, बांधीतील ओलाव्यावर, लाखोळी फेकून देतात. न नांगरता, न खत घालता येणारे हे कडधान्य दुष्काळातही तग धरते, आणि म्हणूनच ते गरिबांचे अन्न झाले; फार काळ, अन्य काही न खाता, केवळ त्याच्यावर निर्वाह केल्यास पाय लुळे पडण्याचा विकार जडतो, या कारणास्तव त्याच्या विक्रीवर १९६१ साली बंदी घालण्यात आली. बंदी बाजारात राहिली आणि लाखोळी शेतात राहिली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी त्या बंदीविरुद्ध दीर्घकाळ झगडा दिला आणि अखेर महाराष्ट्रात ती उठली. लाखोळीच्या डाळीचे वडे हरभऱ्याच्या वड्यांहून हलके, कडेने अधिक कुरकुरीत आणि किंचित मातकट सुगंधाचे लागतात, हे मी कोणत्याही न्यायालयात शपथेवर सांगेन. कोवळ्या शेंड्यांची भाजीही तशीच नामी. इतर डाळींच्या सोबतीने, माफक प्रमाणात खाण्याची गोष्ट निराळी आणि उपासमारीत तिच्यावर दिवस काढण्याची गोष्ट निराळी. एवढा विवेक करण्यास सरकारी दफ्तराला अर्धे शतक लागावे, हे काहीसे विलक्षण आहे.

तलावांचीही कथा दफ्तरातूनच जाते. कोहळी समाजाच्या कसबी पूर्वजांनी बांधलेले असंख्य तलाव मालगुजारी नष्ट झाल्यावर सरकारजमा झाले, आणि त्यांतील मासळीचा ठेका आता मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तेथील मरळ आणि सुकवलेल्या झिंग्यांसह शिजवलेली वांगी यांविषयी अधिक लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण मला पुढे जंगलात जावयाचे आहे.

पावसाळ्यात वारुळांच्या आसपास सात्या नावाच्या अळंब्या उगवतात, आणि बांबूच्या बेटांतून वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, डोके वर काढतात. सात्या मटणाच्या तोडीच्या म्हणतात. मी उलट म्हणेन, कारण मटणाला मसाल्याचा आधार लागतो आणि सात्यांना तो अपाय करतो. वास्ते मात्र चिरून, कडू पाणी काढून, तांदळाच्या कण्यांबरोबर शिजवावे लागतात. वनखात्याच्या दृष्टीने वास्ता तोडणे म्हणजे बांबूची पुढची पिढीच तोडणे, आणि या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु बांबू नेमका कोणाचा, हा प्रश्न २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याची गणना गौण वनोपजात करेपर्यंत विचारलाच गेला नव्हता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. शिक्का वनाधिकाऱ्याच्या टेबलावरून गावाच्या पेटीत गेला, ही घटना पाकशास्त्राच्या इतिहासात कोणी नोंदविणार नाही, पण नोंदविण्याजोगी आहे.

आता मोहाकडे येतो. फाल्गुन-चैत्रात, पालवी फुटण्यापूर्वी, मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले पहाटे आपोआप गळतात, आणि ऊन चढण्याआधी बाया-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. त्या दिवसांत रानातून जाणाऱ्याला जो गोड, जडसर, किंचित आंबूस दरवळ वेढून टाकतो त्याचे वर्णन करणे कठीण आहे. अस्वलाला तो फार दुरून कळतो एवढे सांगितले म्हणजे पुरे. वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. जवाचे तसे नाही. त्याला मोड आणून, वाळवून, भरडून, गरम पाण्यात घोळवावे तेव्हा कोठे त्याच्या पिठाची साखर होते. मोहाला या खटाटोपाची आवश्यकताच नाही. फुले पाण्यात भिजत घातली की हवेतील आणि फुलावरील यीस्ट आपले काम सुरू करते, काही दिवसांत सडवा तयार होतो, आणि मग मडक्यावर मडके चढवून, वरच्या भांड्यात गार पाणी बदलत राहून, वाफेची धार खाली उतरवून घेतात. पहिल्या धारेची तेज, नंतरची सौम्य. गोंड आणि माडिया समाजांत जन्म, लग्न, मरण आणि देवाची पूजा यांपैकी काहीही तिच्यावाचून पुरे होत नाही, आणि पूर्वजांच्या नावाने प्रथम जमिनीवर थेंब शिंपडल्यावरच पेला, म्हणजे पानाचा द्रोण, ओठाला लावतात.

फूल हे अन्नही आहे. भाजून, कुटून, तिळाबरोबर त्याचे लाडू होतात, शिजवून राब होते, आणि टोळ म्हणजे मोहाची फळे लागली की त्यांच्या बियांचे तेल निघते. इंग्रजी अंमलात आबकारीचे उत्पन्न हे खजिन्याचे एक प्रमुख अंग असल्यामुळे मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहाच्या फुलांवर स्वतंत्र कायदाच करण्यात आला होता. चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, म्हणून त्या कायद्यातून सुटला, पण दारूच्या मक्त्यातून सुटला नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी अधिनियम आला आणि फुलांचा संग्रह व वाहतूक परवान्याची बाब झाली; महाराष्ट्रात हे निर्बंध सैल झाले ते २०२१ मध्ये. मधल्या काळात घरात फुलांचे पोते बाळगणारी आई कागदोपत्री संशयित होती.

येथवर वाचून, शहरातून आलेला रसिक मोहाच्या बाजूने सरसावेल, आणि त्याला येथेच थांबविणे मला भाग आहे. गडचिरोलीत १९९३ पासून जी दारूबंदी आहे ती मुंबईच्या एखाद्या सद्‌गृहस्थाने फर्मान काढून लादलेली नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या प्रेरणेने गावोगाव जी चळवळ उभी राहिली तिच्या अग्रभागी स्त्रिया होत्या, आणि त्यांचा रोख पूजेतल्या द्रोणावर नव्हता, तो मजुरी परस्पर गिळणाऱ्या दुकानांवर होता. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारच्या झेंड्याखाली २०१० मध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली, आणि अवैध विक्री वाढली या कारणास्तव मे २०२१ मध्ये ती उठली. बंदीच्या त्या वर्षांत वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात जाणे हा पुष्कळांचा नित्यक्रम होता. बंदी निष्फळ ठरली असे म्हणणारे आणि तिची अंमलबजावणीच झाली नाही असे म्हणणारे, दोन्ही पक्ष मला भेटले, आणि चालत गेलेल्या बायांचे गाऱ्हाणे त्या वादात बाजूला पडले असे माझे मत झाले.

म्हणून गडचिरोलीत मी मोह मागितला नाही. पाहुण्याने मागितले तर माडिया घर नाही म्हणत नाही, आणि पंचनामा झाला तर तो पाहुण्याच्या नावावर होत नाही. मोहाचे मद्य मी चाखले ते गोव्यात, रीतसर बाटलीतून. ‘डेसमंडजी’च्या नावाने ते तेथे मिळते, आणि अलीकडे डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजनेही उंची बाटली काढली आहे. चव स्वच्छ होती, फुलांचा सुगंध मागाहून येत होता, आणि तरी काही उणे होते. फूल वेचणाऱ्यांच्या जिल्ह्यात जे गाळणे गुन्हा आहे ते अन्यत्र वारसा म्हणून विकले जाते, ही गोष्ट घशाखाली सहज उतरत नाही. गडचिरोलीच्या ग्रामसभांनी उद्या बंदी तशीच ठेवून फुलांचे लाडू, सरबत, मुरंबे यांचा व्यापार वाढवावा, की स्वतःच्या मालकीची भट्टी मागावी, हे त्यांनी ठरवावे. पुण्याच्या चाखणाऱ्यांनी ते त्यांच्या वतीने ठरवू नये. माझ्यासारख्यानेही नव्हे.

भामरागडच्या बाजूला, जेथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या मिळतात, दिवसाचे खरे पेय आंबील हे आहे. कोसरी किंवा तांदळाच्या कण्यांची, रात्रभर आंबवलेली, पातळ आणि गार. लाल मुंग्यांची चटणी तिच्यासोबत जिभेवर लिंबासारखी चमकते. गोरगा नावाच्या माडाचा रस पहाटे गोड असतो आणि दुपारपर्यंत मद्य होतो, त्यामुळे तो कायद्याच्या कोणत्या बाजूस आहे हे घड्याळावर अवलंबून राहते. इंद्रावतीपलीकडे बस्तरात तांदळाचा लांदा करतात, आणि जाणकारांची बिअर म्हणजे काय याचे सर्वांत जवळचे उत्तर मला तोच वाटतो. दक्षिणेस सिरोंचाकडे प्राणहिता गोदावरीला मिळते तेथे भाषा, तिखट आणि चिंच तिन्ही तेलुगू होतात. माशांचा पुलुसू भाताच्या ढिगावर ओतून घ्यावा आणि ताक मागावे. गोदावरी ओलांडली की तेलंगणात दुकाने उघडी आहेत, हे कोणी न विचारता सांगते.

ज्यांना हे सारे पाहावयाचे आहे त्यांनी दिवाळी संपताच निघावे, कारण तेव्हा नवा धान घरात आलेला असतो, गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. त्या रंगभूमीचे ठाणे वडसा, म्हणजेच देसाईगंज, आणि गोंदिया-चांदा फोर्ट मार्गावरील तेच स्थानक प्रवाशाला सोयीचे. नाटक रात्रभर चालते, मध्यांतराला मंडपाबाहेरच्या कढईवर झुंबड उडते, आणि भजी संपण्यापूर्वी पोहोचावयाचे असेल तर दुसऱ्या अंकाचा पडदा पडण्याच्या थोडे आधीच उठावे लागते.